टॉमी फ्लीटवुडला मैदान कुणी दिलं?

24 ऑगस्ट 2025 रोजी अटलांटाच्या ईस्ट लेक मैदानावर इंग्लिश गोल्फपटू टॉमी फ्लीटवुडने टूर चॅम्पियनशिप जिंकली. अमेरिकेच्या पीजीए टूरवर, म्हणजे तिथल्या व्यावसायिक गोल्फच्या मुख्य मालिकेत, ती त्याची 164वी स्पर्धा होती आणि पहिलाच विजय. बक्षीस एक कोटी डॉलरचं. दुसऱ्या दिवसापासून जगभर जे लेख आले ते जवळपास सगळे चिकाटीवर होते. हरत राहिला पण खचला नाही, चेहऱ्यावरचं हसू मावळलं नाही, शेवटी फळ मिळालं. त्यातलं काहीच खोटं नाही. पण चिकाटी दाखवायला आधी मैदानात पाऊल ठेवता यावं लागतं आणि त्या पहिल्या पावलाबद्दल फारच थोड्यांनी लिहिलं. फ्लीटवुडची कारकीर्द वाचताना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट ईस्ट लेकची नाही. ती इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या साउथपोर्ट गावातली आहे.

साउथपोर्ट लिव्हरपूलच्या उत्तरेला आहे. लिव्हरपूलहून तिथे जाणारी लोकल गाडी वाळूच्या टेकड्यांच्या कडेकडेने जाते आणि वाटेत एकापाठोपाठ एक गोल्फची मैदानं लागतात: वेस्ट लँकेशायर, फॉर्म्बी, साउथपोर्ट अँड एन्सडेल, हिलसाइड आणि रॉयल बर्कडेल. यातलं शेवटचं नाव सगळ्यांत मोठं. ओपन चॅम्पियनशिप, ब्रिटनची सर्वांत मोठी गोल्फ स्पर्धा, बर्कडेलला अनेकदा झाली, 2026 च्या ओपनचा मानही बर्कडेलकडेच. 1969 च्या रायडर कपमध्ये, म्हणजे अमेरिकेविरुद्धच्या सांघिक स्पर्धेत, अमेरिकेच्या जॅक निक्लॉसने शेवटच्या होलवर (मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी शेवटच्या) इंग्लंडच्या टोनी जॅकलिनचा छोटा पट (चेंडू भोकात घालायचा हलका फटका) न खेळवताच मान्य केला आणि सामना बरोबरीत सुटला, तो प्रसंगही इथलाच. बाहेरच्या माणसाला इथे एक फेरी खेळायची तर शेकडो पौंड मोजावे लागतात आणि सभासदत्व पैसे असले म्हणून लगेच मिळतं असंही नाही.

टॉमीचा जन्म याच गावात, 19 जानेवारी 1991 चा. साध्या कामकरी घरातला पोरगा. वडील पीट यांना गोल्फचं वेड. संध्याकाळी सभासद घरी गेले की बापलेक बर्कडेलच्या पाचव्या होलजवळून हळूच आत शिरायचे, कुणी हटकेपर्यंत दोनचार होल खेळायचे आणि निघून यायचे. हे टॉमीने स्वतःच अनेकदा सांगितलं आहे. 2017 मध्ये ओपन बर्कडेलला आली तेव्हा तो घरचा खेळाडू म्हणून उतरला होता. त्या वर्षी फॉर्मात होता, गावकऱ्यांनी दोन्ही बाजूंनी गर्दी केली होती. पहिल्या दिवशी 76 फटके गेले, मग सावरून तो सत्ताविसाव्या जागेपर्यंत आला. त्या आठवड्यात चोरून आत शिरण्याची ती गोष्ट इंग्लिश वृत्तपत्रांनी मोठ्या कौतुकाने छापली. सगळ्यांना ती गोड वाटली.

मला ती गोड वाटत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला आपल्या गावच्या मैदानावर लपून खेळावं लागलं आणि पुढे तो जगातल्या पहिल्या दहांत गेला, यात कौतुक त्या मुलाचं आणि त्याच्या बापाचं आहे. मैदानाचं नाही. तो आत आला कारण कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि डोळेझाक केली. एखाद्या खेळाचं भविष्य राखणदाराच्या डोळेझाकीवर सोडायचं का, हा प्रश्न सार्वजनिक आहे आणि तो इंग्लंडपुरता नाही.

कुणी म्हणेल, बघा, दार बंद होतं तरी पोरगा पोचलाच ना? म्हणजे गुणवत्ता वाट काढतेच. हा युक्तिवाद आपल्याकडेही प्रत्येक क्षेत्रात ऐकू येतो आणि तो फसवा आहे. एसटीच्या टपावर बसून गावी पोचलेल्या माणसाकडे बोट दाखवून बस पुरेशा आहेत म्हणावं, तसा हा प्रकार. जो पोचला तो दिसतो. ज्यांना हटकल्यावर बाप पुन्हा घेऊन गेला नाही, ज्यांच्या गावाला असं मैदानच नव्हतं, ती पोरं कुठल्याच लेखात येत नाहीत. शिवाय टॉमीची गोष्ट नुसत्या कुंपणाखालून सरकण्याची नाही. शिकवायला वेळ आणि हौस असलेला बाप त्याला होता, लहानपणीच चांगले प्रशिक्षक मिळाले, कुमारवयात रीतसर क्लब मिळाला. त्या पट्ट्यात, समुद्रकाठी, स्थानिक कौन्सिलचं सार्वजनिक मैदानही आहे, तिथे तिकीट काढून कुणीही खेळू शकतो. गोल्फ ही दूरच्या श्रीमंतांची गोष्ट आहे असं त्या गावात वाढणाऱ्या पोराला वाटत नाही. साउथपोर्टहून खेळाडू निघतो तो या सगळ्यामुळे.

त्याच्या कारकिर्दीचा आलेखही पाहण्यासारखा आहे, कारण हा काही एका रात्रीत चमकलेला तारा नाही. 2009 मध्ये हौशी खेळाडूंच्या वॉकर कप संघात निवड, 2010 मध्ये इंग्लिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकून व्यावसायिक. 2011 मध्ये युरोपच्या दुय्यम टूरवर, चॅलेंज टूरवर, तो गुणतालिकेत पहिला आला. 2013 मध्ये ग्लेनईगल्सला युरोपियन टूरचा पहिला विजय. मग घसरण. स्विंग बदलण्याच्या नादात चेंडू कुठे जाईल याचा भरवसा राहिना. 2016 मध्ये तो लहानपणीचे प्रशिक्षक ॲलन थॉम्पसन यांच्याकडे परतला आणि जुना मित्र इयन फिनिस याला कॅडी (बॅग वाहणारा साथीदार) म्हणून सोबत घेतलं. 2017 च्या सुरुवातीला अबू धाबी जिंकलं, वर्ष संपताना युरोपातला वर्षभराचा अव्वल खेळाडू ठरला. थॉम्पसन आणि फिनिस दोघेही त्याच्या गावाकडच्या वर्तुळातले. मोठ्या पैशाच्या खेळात अडचणीत सापडलेला माणूस नव्या तज्ज्ञाकडे धावतो. हा मागे, आपल्या माणसांकडे गेला आणि तिथूनच उभा राहिला.

त्यानंतरची आठ वर्षं हुकलेल्या संधींची आहेत. 2018 च्या यूएस ओपनला शिनेकॉक हिल्सवर शेवटच्या दिवशी 63 फटके. शेवटच्या ग्रीनवरचा (भोकाभोवतीच्या हिरवळीवरचा) पट पडला असता तर ब्रूक्स केप्काशी बरोबरी झाली असती. एका फटक्याने हुकलं. 2019 च्या ओपनला दुसरा. 2023 च्या कॅनेडियन ओपनला बरोबरीनंतरच्या प्लेऑफच्या चौथ्या होलवर निक टेलरने बहात्तर फुटांचा पट घातला, त्यावर कुणाचा काय इलाज? 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कॉटी शेफ्लरच्या मागे एका फटक्याने रौप्य. आणि जून 2025 मध्ये कनेटिकटच्या ट्रॅव्हलर्स स्पर्धेत सगळ्यात जिव्हारी लागणारी हार. शेवटच्या होलवर एका फटक्याची आघाडी, तिथे तीन पट लागले, शेजारी कीगन ब्रॅडलीने बर्डी केली (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी), आणि हातातला विजय गेला. रायडर कपमध्ये युरोपच्या संघासाठी मात्र हाच माणूस खांब होता. 2018 ला पॅरिसजवळ फ्रान्चेस्को मोलिनारीच्या जोडीने चारपैकी चार सामने जिंकलेले, 2025 ला न्यूयॉर्कच्या बेथपेजवर शिव्याशाप देणाऱ्या गर्दीसमोर पुन्हा चार गुण.

ईस्ट लेकला अमेरिकन प्रेक्षक 'टॉमी, टॉमी' ओरडत होते. इंग्लिश खेळाडूसाठी अमेरिकन गर्दीने असं घसा फोडणं मी फारसं पाहिलेलं नाही. त्याचं एक कारण हुकलेल्या संधी हे आहेच. पण दुसरं, मला वाटतं, जास्त खोल आहे. गोल्फ पाहणाऱ्या लाखो लोकांना त्या क्लबांत कधी प्रवेश मिळणार नाही हे ठाऊक असतं आणि या माणसात त्यांना आपल्यापैकी कुणीतरी आत गेलेला दिसतो.

अशी माणसं इंग्लिश गोल्फमध्ये पहिल्यापासून आहेत आणि दाराचा प्रश्नही पहिल्यापासूनच आहे. जे. एच. टेलर हे नाव आज फार कुणाला आठवत नाही. 1871 मध्ये डेव्हनमधल्या नॉर्थम गावी जन्म, अकराव्या वर्षी शाळा सुटली. गावाशेजारच्या वेस्टवर्ड हो! इथल्या रॉयल नॉर्थ डेव्हन क्लबवर तो सभासदांच्या बॅगा वाहायचा. गवंड्याच्या हाताखाली मजुरीही केली. पुढे 1894 मध्ये सँडविचला ओपन जिंकणारा तो पहिला इंग्लिश व्यावसायिक ठरला, आणि एकूण पाच वेळा ती स्पर्धा त्याने जिंकली. व्यावसायिक खेळाडूंची संघटना 1901 मध्ये उभी राहिली, त्यामागे तोच होता. शेवटी, ज्या क्लबवर तो बॅगा वाहत होता, त्याचाच तो 1957 मध्ये अध्यक्ष झाला.

मला टेलर महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या पाच विजेतेपदांसाठी नाही. आत पोचल्यावर त्याने मागचं दार लावून घेतलं नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये 'आर्टिझन' गोल्फरांची एक पद्धत होती. गावातले सुतार, लोहार, मजूर यांना क्लब पहाटे आणि संध्याकाळी, सभासद नसताना खेळू द्यायचा. बदल्यात त्यांनी मैदानाची कामं करायची, उखडलेली माती भरायची, हिरवळ राखायची. क्लबहाउसमध्ये पाय ठेवायचा नाही. अपमानकारक व्यवस्था होती ती, यात शंका नाही. पण त्यातूनही कामकरी माणसाच्या हातात काठी आली. टेलरने 1921 मध्ये या आर्टिझन गोल्फरांची देशव्यापी संघटना बांधली. त्याच्याही पुढे जाऊन त्याने सार्वजनिक मैदानांसाठी आग्रह धरला आणि 1923 मध्ये लंडनच्या रिचमंड पार्कात, राजाच्या जुन्या शिकारीच्या रानात, सर्वांसाठी खुलं मैदान सुरू झालं. दोन वर्षांत शेजारी दुसरं. 1933 मध्ये हाच टेलर ब्रिटनच्या रायडर कप संघाचा कप्तान होता आणि तो सामना झाला साउथपोर्ट अँड एन्सडेलला. फ्लीटवुडच्या गावात.

टेलरला कळलं होतं ते असं: उपकार म्हणून दिलेली पहाटेची वेळ आणि हक्क म्हणून मिळालेली वेळ यांत फरक आहे. उपकार सभासदांच्या मर्जीवर असतो. समिती बदलली की तो जातो. हक्क कागदावर असतो.

कागदावरच्या हक्काचं सगळ्यात सुंदर उदाहरण इंग्लंडात नाही, सीमेपलीकडे स्कॉटलंडमध्ये आहे. सेंट अँड्र्यूज म्हणजे गोल्फची पंढरी, पण तिथलं ओल्ड कोर्स नावाचं मैदान कुठल्याही क्लबच्या मालकीचं नाही. 1894 मध्ये संसदेच्या कायद्याने गावाने ती जमीन घेतली आणि 1974 च्या कायद्यापासून एक सार्वजनिक विश्वस्त संस्था ती सांभाळते. जगभरचे खेळाडू पैसे भरतात, सोडतीत नाव टाकतात; गावकऱ्यांना वर्षभराचा पास अगदी माफक दरात मिळतो. पहिल्या आणि अठराव्या होलला आडवा छेदून जाणारा एक सार्वजनिक रस्ता आहे, ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाचा. ओपनचे विजेते शेवटच्या होलवर जिथून चालत येतात, तिथून इतर दिवशी माणसं समुद्राकडे चालत जातात, खेळणारे थांबून वाट देतात. आणि रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद. त्या दिवशी गावकरी तिथे कुत्री फिरवतात, मुलं बंकरच्या वाळूत उतरतात. जगातल्या सर्वांत मौल्यवान गोल्फच्या जमिनीवर हे चालतं आणि त्याने त्या मैदानाची प्रतिष्ठा तसूभरही कमी झालेली नाही. लोकांना आत घेतलं की मैदान खराब होतं म्हणणाऱ्यांनी एकदा सेंट अँड्र्यूजचा रविवार पाहावा.

याच्या उलट दिशेने आज इंग्लंड चाललं आहे. खर्च परवडत नाही म्हणून कौन्सिलं सार्वजनिक मैदानं बंद करत आहेत. डर्बी शहराने ॲलेस्ट्री पार्कमधलं मैदान 2020 च्या अखेरीस बंद केलं आणि तिथे निसर्ग पुन्हा वाढू द्यायचं ठरवलं. पर्यावरणाच्या अंगाने त्या निर्णयात बरंच चांगलं आहे आणि शाळा, वृद्धांची देखभाल यांना पैसे पुरत नसताना कौन्सिलने गोल्फवर पैसे घालावेत असं म्हणण्याचं धाडस मीही करणार नाही. पण परिणाम काय होतो तो बघा. गोल्फ जमीन खातं, पाणी पितं, म्हणून ते कमी करा, असं म्हणून बंद पडतात ती फक्त सार्वजनिक मैदानं. खासगी क्लब जिथे आहेत तिथेच राहतात. म्हणजे गोल्फ संपत नाही, फक्त त्याचं कुंपण उंच होतं. ज्यांना हा खेळ सरंजामी वाटतो, त्यांच्या मागणीने तो आणखी सरंजामी होतो.

आता दिल्लीकडे येतो, कारण फ्लीटवुडच्या कारकिर्दीचा भारताशी खराखुरा संबंध आहे. टूर चॅम्पियनशिपनंतर दोन महिन्यांच्या आत, 19 ऑक्टोबर 2025 ला, दिवाळीच्या आदल्या दिवशी, त्याने दिल्ली गोल्फ क्लबवर इंडिया चॅम्पियनशिप जिंकली. 22 अंडर, म्हणजे ठरलेल्यापेक्षा 22 फटके कमी, जपानच्या केइटा नाकाजिमाच्या दोन फटके पुढे. रॉरी मॅकिलरॉय, व्हिक्टर हॉव्हलंड, शेन लावरी असे मोठे खेळाडू आले होते. दोन्ही बाजूंनी झुडपं इतकी दाट की मॅकिलरॉयसारख्या लांब मारणाऱ्याने ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायची काठी, बॅगेतच ठेवायचं ठरवलं. अशा मैदानावर ताकदीपेक्षा नेम लागतो आणि नेम फ्लीटवुडकडे आहे. जिंकल्यावर त्याने सांगितलं की आठ वर्षांचा मुलगा फ्रँकी त्याला म्हणाला होता, मी अठराव्या ग्रीनवर धावत येईन अशी एकही स्पर्धा तुम्ही जिंकलेली नाही. दिल्लीत फ्रँकी धावत आला. बापाने लहानपणी लपून मैदानात पाऊल ठेवलं होतं. पोरगा कॅमेऱ्यांसमोर धावत आत गेला. एका पिढीत एवढं अंतर कापलं गेलं.

पण ज्या ग्रीनवर तो धावला, त्या जमिनीची गोष्ट वेगळी आहे. दिल्लीच्या मध्यावर, दीडशे एकरांहून मोठा पसारा, आत जुन्या काळातले मकबरे, मोर, हरणंही. ही जमीन केंद्र सरकारची, क्लबकडे भाडेपट्ट्याने. सभासदत्वासाठी लोक दशकानुदशकं वाट पाहतात आणि अधिकारी, राजकारणी, उद्योगपती यांना ती वाट आखूड असते हे दिल्लीत कुणालाही ठाऊक आहे. 2017 मध्ये खासी पोशाखातल्या एका पाहुण्या स्त्रीला, तो मोलकरणीचा वेश दिसतो म्हणून, इथल्या भोजनगृहातून उठवलं गेलं. देशभर संताप झाला, नंतर क्लबने दिलगिरी व्यक्त केली. पण सार्वजनिक जमिनीवर कुणी कसं दिसावं याचा निवाडा करण्याचा अधिकार तिथे कुणालातरी आहे असं वाटलं, हीच खरी बाब.

आणि याच क्लबच्या इतिहासात सर्वांत उजळ नावं कुणाची आहेत? 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा इथलाच कॅडी. त्याने 1993 मध्ये ती पुन्हा जिंकली. 2008 मध्ये युरोपियन टूरची इंडियन मास्टर्स याच मैदानावर जिंकली शिवशंकर प्रसाद चौरसियाने. तो कोलकात्याच्या रॉयल कॅलकटा गोल्फ क्लबवर हिरवळ राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. आशियाई टूरवर दोन स्पर्धा जिंकलेला रशीद खानही गरीब घरातून इथे आला आणि इथेच घडला. 2020 मध्ये त्याला सरावाला पुरेसा प्रवेश मिळत नाही म्हणून जाहीर तक्रार करावी लागली. भारताच्या आघाडीच्या खेळाडूंपैकी एकाला, सरकारी जमिनीवरच्या मैदानात सरावासाठी झगडावं लागलं. बऱ्याच भारतीय क्लबांत सोमवारी मैदान बंद असतं आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. ही आपली आर्टिझन पद्धत. शंभर वर्षांपूर्वी टेलर ज्या टप्प्यावर होता, तिथेच आपण अजून उभे आहोत आणि संघटना बांधणारा टेलर आपल्याकडे झालेला नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न दूरचा वाटू शकतो. आपल्याकडे पोरांना क्रिकेट, कबड्डी, कुस्तीला जागा नाही, तिथे गोल्फची चिंता कुणाला? चिंता गोल्फची नाहीच, जमिनीची आहे. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा 2013 मध्येच संपला होता. 2024 मध्ये सरकारने त्यातली 120 एकर जमीन मोकळ्या उद्यानासाठी महापालिकेकडे द्यायची आणि 91 एकर रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबकडे ठेवायची असं ठरवलं. त्या वादात एक गोष्ट नेहमी विसरली गेली: रेसकोर्सवर सकाळ-संध्याकाळ चालायला सामान्य मुंबईकर वर्षानुवर्षं जात होते. घोड्यांची शर्यत आणि चालणारे लोक एकाच जमिनीवर, वेगवेगळ्या वेळी नांदू शकतात, हे मुंबईने करून दाखवलं आहे. पण तीही क्लबच्या मर्जीची गोष्ट होती. नाशिकचं उदाहरण याहून पुढचं. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला नाशिककर अजून गोल्फ क्लब मैदानच म्हणतात. पहाटे तिथे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं धावत असतात, कडेने निवृत्त मंडळी चालतात, मध्ये क्रिकेटची जाळी लागते, निवडणुकीत सभा होतात, रणजी सामनेही तिथे झाले. नाव क्लबचं उरलं आणि जमीन गावाची झाली. तिथे आता पुन्हा गोल्फ आणा असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. दाट वस्तीच्या शहरात मधोमध अठरा होलचं मैदान नव्याने करणं मलाही मान्य नाही. प्रश्न आहे तो जी मैदानं आधीच आहेत आणि ज्यांची जमीन सरकारची आहे, त्यांचा.

माझं म्हणणं सरळ आहे. स्वतःच्या पैशाने विकत घेतलेल्या जमिनीवर कुणी क्लब काढला आणि वीस माणसांपुरता ठेवला, तर तो त्यांचा अधिकार. पण जमीन सरकारची, भाडं बाजारभावाच्या मानाने नाममात्र, आणि दार मात्र सभासदाला, हे चालता कामा नये. भाडेपट्टा नव्याने करताना त्यात काही अटी लेखी असल्या पाहिजेत. परिसरातल्या महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांसाठी आठवड्यातले ठरावीक तास, माफक शुल्कात, क्लबच्याच काठ्या आणि चेंडू देऊन. कॅडी आणि माळी यांच्या मुलांना कुमार गटात थेट प्रवेश. तिथे घडून राष्ट्रीय पातळीवर गेलेल्या खेळाडूला सभासदत्व नसतानाही सरावाचा हक्क. आणि आठवड्यातला एक दिवस, सेंट अँड्र्यूजसारखा, खेळ बंद ठेवून जमीन सगळ्यांना चालायला खुली. दिल्लीत सार्वजनिक मैदानाचा एक प्रयोग झालेलाही आहे: दिल्ली विकास प्राधिकरणाने कुतुबजवळ, लाडोसरायला, शुल्क भरून कुणालाही खेळता येईल असं मैदान 2000 मध्ये सुरू केलं. खारघरला सिडकोने पांडवकड्याच्या डोंगराच्या पायथ्याशी जे मैदान बांधलं, तेही सार्वजनिक पैशातलं. आजूबाजूच्या गावांतल्या किती मुलांनी तिथे काठी हातात धरली, हे सिडकोने दरवर्षी जाहीर करावं. आकडा लाजिरवाणा निघाला तरी चालेल, सुरुवात तिथून होते.

यावर क्लबांचा पहिला आक्षेप खर्चाचा असतो. हिरवळ राखायला पाणी, खत, मजूर लागतात. शाळेच्या मुलांच्या शुल्कात ते भागत नाही. बरोबर आहे, भागत नाही. ते भागवायला सभासदांची वर्गणी आहे, लग्नसमारंभ आहेत, उपाहारगृह आहे आणि सर्वांत वर, शहराच्या मध्यावरची सार्वजनिक जमीन किरकोळ भाड्यात मिळाल्याने दरवर्षी वाचणारे पैसे आहेत. ती सवलत जनतेनेच दिलेली आहे. दुसरा आक्षेप शिस्तीचा: मुलं मैदान उखडतील. उखडतील, थोडं. म्हणूनच शिकवायचं, उखडलेली माती जागेवर बसवणं हा गोल्फचा पहिला धडा आहे. तिसरा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, तो पाण्याचा. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या वस्त्यांच्या शेजारी हिरवंगार मैदान असेल तर लोकांचा राग योग्यच आहे. अशा ठिकाणी प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याशिवाय दुसरं पाणी वापरायला बंदी हवी, आणि ते जमत नसेल तर मैदान लहान करावं किंवा बंद करावं. इंग्लंडच्या किनाऱ्यावरची जुनी मैदानं वाळूवर, समुद्राच्या वाऱ्यात, कोरड्या पिवळट गवतावर उभी आहेत आणि तरीही जगातली उत्तम मानली जातात. गालिच्यासारखी हिरवळ ही खेळाची गरज नाही, टीव्हीने लावलेली सवय आहे.

फ्लीटवुडने स्वतःच्या परीने परतफेड सुरू केली आहे. साउथपोर्टजवळ फॉर्म्बी हॉलला त्याच्या नावाची अकादमी आहे, मुलं तिथे शिकतात. चांगली गोष्ट आहे. पण एका भल्या खेळाडूच्या मनात आलं म्हणून मुलांना दार उघडावं, ही पुन्हा मर्जीचीच व्यवस्था झाली, फक्त या वेळी मर्जी आपल्याला आवडणाऱ्या माणसाची आहे. दिल्ली गोल्फ क्लब असो, मुंबई-पुण्यातले सरकारी जमिनीवरचे जिमखाने असोत, की सिडकोचं खारघर, प्रत्येक पट्ट्याची मुदत कधी ना कधी संपते, आणि ती वाढवण्याची फाइल मंत्रालयात किंवा दिल्लीत कुठल्यातरी टेबलावर येते. ती येईल तेव्हा मुलांचे तास त्या करारात लिहिलेले आहेत की नाहीत, हे नगरसेवकांनी, आमदारांनी आणि त्या भागातल्या शाळांच्या पालकांनी आधीच विचारून ठेवलं पाहिजे, कारण सही झाल्यावर पुढची तीस वर्षं विचारायची सोय राहत नाही.